अर्ध्या फेरीचं टिचबटण

पोस्टमननं दुकानाच्या पायरीशी सायकल टेकवली की आमचे हे हातातलं काम टाकून आतल्या खोलीत इस्त्री बघायला जायचे. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. इस्त्री गरम असो, थंड असो, नाहीतर वायर गुंडाळून कपाटात ठेवलेली असो, ह्यांना नेमकी त्याच वेळी ती बघायची असायची. मी पत्रं घ्यायची, पोस्टमनशी दोन शब्द बोलायची आणि त्याची सायकल कोपऱ्यावर वळली की आत ओरडून सांगायची, गेला तो, या आता बाहेर.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. शाळांचे गणवेश, नर्सचे कोट, बँकेतल्या शिपायांच्या पँटी, असलं सरळ काम. हे कापतात आणि शिवतात. मी काजं करते, बटणं लावते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. गल्लीत सगळे ह्यांना मास्तर म्हणतात. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, ह्यांना एकच वेड असणार, कापडाचं. आठवड्याभरात कळलं की दुसरंही आहे आणि ते पहिल्यापेक्षा जबर आहे. शर्यतींचं. स्वतः हे कधी धावले नाहीत. बस सुटत असली तरी चालतच तिच्यामागे जाणार. पण शहरातल्या त्या छपराच्या स्टेडियममध्ये कुठलीही स्पर्धा असू दे, हे पंचांचा निळा कोट घालून सकाळपासून हजर. तो कोट ह्यांनी स्वतःच शिवलेला, त्यामुळे सगळ्या पंचांमध्ये तो एकट्या ह्यांनाच धड बसायचा.

ह्यांच्याकडे तेव्हा घंटेचं काम होतं. लांबच्या शर्यतीत शेवटची फेरी उरली की पळणाऱ्यांना कळावं म्हणून एक पितळी घंटा वाजवतात. आता फेऱ्या मोजायच्या कशा? लोक कागदावर रेघा मारतात. हे शिंपी, ह्यांनी शर्टाची बटणं घेतली. जितक्या फेऱ्या बाकी तितकी बटणं डाव्या खिशात. सगळ्यात पुढचा गडी घंटेसमोरून गेला की एक बटण डाव्या खिशातून उजव्यात. डावीकडे एकच उरलं की घंटा. वर्षानुवर्षं एकही चूक नाही.

पण पंधराशे मीटरच्या शर्यतीत एक मेख आहे. छपराखालची धावपट्टी दोनशे मीटरची, म्हणजे फेऱ्या होतात साडेसात. ती अर्धी फेरी आधीच उरकून घेतात. गडी सुटतात ते घंटेच्या बरोबर समोरच्या बाजूनं, आणि पहिल्यांदा घंटेपाशी येतात तेव्हा अर्धीच फेरी झालेली असते, सात पुऱ्या बाकी असतात. त्या वेळी बटणाला हात लावायचा नसतो. बावीस वर्षांपूर्वी एका अंतिम शर्यतीत ह्यांनी लावला.

त्या शर्यतीत एक एकवीस वर्षांचा लांब पायांचा पोरगा होता. त्या वर्षी तो एकदाही हरला नव्हता, आणि ही शर्यत जिंकली असती तर आंतरराष्ट्रीय स्पर्धेला परदेशी जाणार होता. ह्यांची घंटा एक फेरी आधी वाजली. पोरगा जीव तोडून पळाला, सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडली, दोन्ही हात वर केले आणि तिथेच गुडघ्यांवर बसला. मागून येणाऱ्यांना पंचांनी ओरडून ओरडून पुढं पळायला लावलं. हा भानावर येईपर्यंत ते अर्धी फेरी पुढं गेले होते. उठला बिचारा, पण पाय उचलेनात. निकालाच्या कागदावर त्याच्यापुढं लिहिलं गेलं, शर्यत अपूर्ण. चौकशी झाली आणि निकाल होता तसाच राहिला. दोन-तीन महिन्यांतच पोरगा पोस्टात लागला, आणि बघा कसं असतं ते, वाटणीला त्याला आमचीच गल्ली आली.

तेव्हापासून ह्यांनी घंटेच्या बाबतीत कानाला खडा लावला. स्टेडियम मात्र सोडवलं नाही. पळणाऱ्यांच्या छातीवर नंबर लावणं, त्यांचे काढून टाकलेले कपडे टोपलीत गोळा करणं, कुणाची चड्डी उसवली तर तिथल्या तिथे दोन टाके घालून देणं, असली कामं हे आनंदानं करत राहिले. घंटेकडे बघायचे नाहीत, आणि पोस्टमनकडेही नाही. मी कितीदा म्हटलं, एकदा जा आणि चुकलो म्हणून मोकळे व्हा. हे म्हणायचे, काय तोंडानं जाऊ? मी म्हणायची, आहे त्याच तोंडानं, दुसरं कुठून आणणार? मग हे दिवसभर माझ्याशी बोलायचे नाहीत आणि मला जरा निवांतपणा मिळायचा.

मागच्या वर्षी एके दिवशी पोस्टमननं सायकल लावली, हे आत गेले, मी हात पुढं केला, तर हा म्हणतो, "वहिनी, रजिस्टर पत्र आहे. मास्तरांचीच सही लागेल."

मी करते की, म्हटलं. तर म्हणे नियम आहे. आजवर अशा किती पत्रांवर मी सह्या केल्या, तेव्हा ह्याचा नियम कुठं गेला होता कोण जाणे. शेवटी मी आत जाऊन ह्यांना अक्षरशः दंडाला धरून बाहेर आणलं. गळ्यात टेप, बोटांना खडू, नजर पोस्टमनच्या बुटांवर. पोस्टमननं पेन दिलं, ह्यांनी सही केली. लिफाफा मीच फोडला आणि मोठ्यानं वाचला, कारण माझ्यात तेवढा धीर नाही.

आपल्या स्टेडियममध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार होती. घंटा वाजवणारे गृहस्थ दिवा बदलताना स्टुलावरून पडले होते आणि त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. तेव्हा पुरुषांच्या पंधराशे मीटरच्या अंतिम शर्यतीची घंटा मास्तरांनी वाजवावी. खाली सही बाईंची. बाई म्हणजे फेऱ्या मोजणाऱ्या पंचांच्या प्रमुख, निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका, ह्यांना तीस वर्षं ओळखणाऱ्या. सोबत घरच्यांसाठी दोन पास.

हे पांढरेफटक पडले. म्हणाले, जमणार नाही म्हणून कळवून टाक. मी तोंड उघडणार एवढ्यात पोस्टमन बोलला. पायरी उतरून त्यानं सायकलचं हँडल धरलं होतं.

"वाजवा की, मास्तर," तो म्हणाला आणि निघून गेला. त्याचं पेन ह्यांच्याच हातात राहिलं.

पुढचे दोन दिवस विचारू नका. ह्यांनी एका शिपायाच्या पँटीचे दोन्ही पाय डावेच कापले. चहात साखर घालून वर पुन्हा साखर घातली. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुम्हाला भीती कसली आहे ते तरी सांगा. तर हे म्हणाले, मला सगळं येतं गं, पण ते पहिल्यांदा समोरून जातील ना, तेव्हा माझा हात आपोआप खिशात जाईल. गडी गेला की बटण हलवायचं, ही हाताची सवय आहे, ती डोक्याचं ऐकत नाही.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तीस वर्षं मी बटणं लावतेय, मला नाही कळणार तर कुणाला? म्हटलं, अहो, खोट तुमच्या हातात नाही, खिशात आहे. पुऱ्या फेऱ्यांना तुम्ही बटणं दिलीत आणि अर्ध्या फेरीला काहीच दिलं नाहीत. मग हात रिकामा कसा परत येईल? तो समोर दिसेल ते उचलणारच. मी डबा उघडला आणि एक टिचबटण काढलं. टिचबटणाचे दोन भाग असतात, एकात एक टिचकन बसणारे. त्यातला एक भाग मी ह्यांच्या तळहातावर ठेवला. लोखंडी, गार, बारीक. शर्टाच्या बटणाशी बोटांचा घोटाळा होणं शक्यच नाही. म्हटलं, हे अर्धं, तुमच्या अर्ध्या फेरीचं. पहिल्यांदा गडी आले की हे हलवा, आणि मग आहेतच सात बटणं सात फेऱ्यांना.

ह्यांनी ते बोटांत फिरवून पाहिलं. मग मला म्हणाले, तू बावीस वर्षांपूर्वी कुठं होतीस? म्हटलं, इथंच होते, काजं करत होते, तुम्ही विचारलंत कधी?

मग आमचा सराव सुरू झाला. कटिंगचं टेबल ही धावपट्टी, मी धावपटू. टेबलाच्या पलीकडून सुटायचं, साडेसात फेऱ्या मारायच्या, आणि हे खिडकीशी उभे राहून खिशाशी चाळा करणार. घंटेच्या ऐवजी कात्री स्टुलावर आपटायची. आठवड्याभरात मी पाच-सहाशे फेऱ्या मारल्या असतील. एका नर्सबाई कोटाचं माप द्यायला आल्या, तर मी पदर खोचून टेबलाभोवती पळतेय आणि हे गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडं बघतायत. त्यांनी विचारलं, बरं आहे ना सगळं? मी पळता पळताच म्हटलं, बसा, दोन फेऱ्या राहिल्यात.

दोन पासांपैकी एक माझा. दुसऱ्यावर नणंदेचा डोळा होता, पण तिला मी पाठीचं दुखणं काढून गप्प केलं, तिचंच. मग पेन परत करायच्या निमित्तानं पोस्टमनला कोपऱ्यावर गाठलं आणि पेनाबरोबर पासही हातात ठेवला. ह्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर हे नाही म्हणाले असते आणि मग मला खोटं बोलावं लागलं असतं. पोस्टमननं पास उलटसुलट करून पाहिला, खिशात घातला आणि म्हणाला, येतो.

रविवारी दुपारी स्टेडियम खचाखच भरलं होतं. आमच्या जागा अगदी खाली, घंटेच्या मागच्या कठड्याला लागून. पोस्टमन कडक इस्त्रीच्या शर्टात आला होता आणि मांडीवर एक कापडी पिशवी घेऊन बसला होता. ह्यांनी वळून पाहिलं, आधी मी दिसले, मग तो दिसला. ह्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, संपलं, आता हे इथूनही इस्त्री बघायला जातात. पण जागचे हलले नाहीत. कोट खाली ओढून नीट केला आणि समोर बघू लागले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, शर्यत व्हायच्या आधीच.

बार उडाला. नऊ जण सुटले, नऊ देशांचे. लाकडी धावपट्टीवर त्यांच्या बुटांचा आवाज असा काही घुमतो की कठडासुद्धा थरथरतो. हिरव्या चड्डीतला एक उंच गडी पहिल्यापासून पुढं होता. पहिल्यांदा ते घंटेसमोरून गेले, ह्यांचा हात डाव्या खिशात गेला आणि उजव्यात आला. मी ह्यांच्या पाठीवरूनच ओळखलं की टिचबटण गेलं. मी श्वास सोडला. आता काही चुकायचं राहिलंच नाही, असं मला वाटलं.

फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. घंटेच्या बाजूला एक मोठी विजेची पाटी होती. उरलेल्या फेऱ्यांचा आकडा तिच्यावर यायचा. ती चालवणारा तरुण माणूस जरा लांब टेबलाशी बसला होता. मधेच बाई उठून तरातरा त्याच्याकडं जाताना दिसल्या आणि पाटीकडं बोट दाखवून काहीतरी बोलू लागल्या. मला त्यात काही कळलं नाही. माझं लक्ष पाटीवरच्या आकड्यावर होतं. चार, तीन, दोन. आणि हिरवी चड्डी वळणावरून आमच्याकडं यायला लागली तसा पाटीवर एक आला.

एक म्हणजे घंटा. सगळं स्टेडियम उभं राहिलं. पाटीवाला एका हातानं बाईंना थांबवत दुसऱ्या हातानं ह्यांना खुणावत होता, वाजवा, वाजवा. आणि आमचे हे? एक हात खिशात, आणि दुसऱ्या हातानं घंटेच्या आतला लोळाच मुठीत घट्ट धरून ठेवलेला. घाबरले, मला वाटलं. बावीस वर्षांनी पुन्हा तेच, आणि तेही ह्या पोस्टमनच्या देखत. मी कठड्यावर ओणवी होऊन जिवाच्या आकांतानं ओरडले, "अहो, वाजवा!"

माझा दंड कुणीतरी धरला. पोस्टमन होता, अजून बसलेलाच. त्याचा दुसरा हात मांडीवर होता आणि त्याची दोन बोटं उघडी होती.

"वहिनी, गप्प बसा," तो म्हणाला. "पाटी चुकलीय. दोन राहिल्यात."

पाटीवाल्यानं तीच चूक केली होती. अगदी तीच. पहिल्यांदा गडी समोरून गेले तेव्हा त्यानं सातावर ठेवायचा आकडा सहावर आणला होता. बाईंच्या ते ध्यानात आलं होतं, पण आकडा बदलायला दोन क्षण उशीर झाला होता. आता पाटी म्हणत होती एक, हजारो लोक म्हणत होते एक, ह्यांची सख्खी बायको म्हणत होती वाजवा, आणि ह्यांच्या डाव्या खिशात बटणं होती दोन.

हिरव्या चड्डीनं पाटी पाहिली, पाच-सहा पावलं जोरात टाकली, आणि मग मान वळवून घंटेकडं बघितलं. घंटा गप्प. ह्यांनी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सावकाश मान हलवली, नाही. त्यानं पावलं आवरली. मागचेही आवरले. पाटी विझली. ती फेरी केवढी लांब होती म्हणून सांगू. ते पलीकडच्या बाजूला पोचले तेव्हा पाटीवर काहीच नव्हतं. सगळ्या स्टेडियममध्ये फेऱ्यांचा हिशेब ठेवणारा एकच खिसा उरला होता, आणि त्यातली बटणं माझ्या डब्यातली होती. ते पुन्हा वळणावरून आले. ह्यांचा हात डाव्या खिशातून उजव्यात गेला, बाहेर आला, आणि मग ह्यांनी घंटा अशी काही वाजवली की माझ्या कानांना दडे बसले. ठणाठणा, ठणाठणा, शेवटचा गडी जाईपर्यंत. बावीस वर्षांची साठवलेली घंटा होती ती.

हिरवी चड्डी जिंकली, छातीभर अंतरानं. तो झेंडा अंगावर घेऊन ह्यांच्या समोरून नाचत गेला, ह्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. कशाला बघेल? घंटा वेळेवर वाजली तर तिची कुणी आठवण काढत नाही. बाई मात्र आल्या आणि ह्यांच्या खिशाकडं बघून म्हणाल्या, पुढच्या वेळी त्या पाटीलाच हा खिसा लावून घेऊ. ह्यांचा आनंद पोटात मावत नव्हता, पण चेहरा तसाच गंभीर. मी म्हटलं, चुकले हो मी, ओरडायला नको होतं. तर म्हणाले, तू ओरडलीस? मी ऐकलंच नाही. तीस वर्षांच्या संसाराचा असाही उपयोग होतो.

बक्षिसं झाली, लोक निघाले. पोस्टमन कठडा ओलांडून खाली आला आणि ह्यांच्यासमोर उभा राहिला. ह्यांना आता आत जायला खोलीच नव्हती. हे म्हणाले, "माझं चुकलं होतं. तुमचं सगळं गेलं माझ्यामुळं." एवढ्याशा वाक्याला बावीस वर्षं लागली, आणि निघालं तेव्हा कसं सहज निघालं. माझ्या डोळ्याला धार लागली ती लागलीच.

पोस्टमन म्हणाला की दोन वर्षं तो खरोखर रागावला होता. मग बायको आली, पोरं झाली, पत्रं वाटता वाटता राग कुठं गळून पडला त्याला कळलंही नाही. पण ह्यांना आत पळताना पाहिलं की त्याला रोज वाटायचं, ह्या माणसाचं अजून संपलेलं नाही. मग तो खाली बसला, त्यानं कापडी पिशवी उघडली, आणि आतून धावायचे जुने बूट काढून पायात घालायला लागला.

"मास्तर," तो नाडी बांधता बांधता म्हणाला, "माझी एक फेरी राहिलीय."

झाडूवाले खुर्च्या दुमडत होते. बाईंनी इकडं तिकडं पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे त्यांना काही दिसत नव्हतं असं म्हणायला मोकळ्या. ह्यांनी उजव्या खिशातून एक बटण काढलं, डाव्या खिशात घातलं. पोस्टमन रेषेवर उभा राहिला. ह्यांनी घंटा वाजवली.

पळाला हो, त्रेचाळीस वर्षांचा माणूस, पोट जरा सुटलेलं, इस्त्रीचा शर्ट पँटीबाहेर आलेला. पहिलं वळण मजेत घेतलं, पलीकडच्या बाजूला धाप लागली. झाडूवाल्यांनी खुर्च्या सोडून टाळ्या धरल्या. मी तर आधीच्या शर्यतीत ओरडले नसेन इतकी ओरडत होते, आणि ह्या वेळी बरोबर ओरडत होते. शेवटच्या वळणावरून आला तेव्हा तो हसत होता. त्यानं रेषा ओलांडली, पण हात खालीच ठेवले. वळला, आणि ह्यांच्याकडं बघत थांबला.

ह्यांनी डाव्या खिशातलं बटण उजव्या खिशात टाकलं. डावा खिसा उलटा करून त्याला दाखवला आणि मान डोलावली. मग पोस्टमननं दोन्ही हात वर केले.